प्रश्न तुमचे: वाचनालयाची मोहीम आणि तिची वेबसाइट

गेल्या अंकात आधुनिक वाचनालयांवर लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती की कुणी अशा मोहिमेची वेबसाइट करत असाल तर अडचणी कळवा. पत्रांचा आणि ईमेलचा नुसता ढीग आला! बरेच प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत, काही लांबलचक होते ते थोडे कापलेत. नावं मुद्दाम छापत नाहीये, कारण निम्म्या जणांनी आपल्याच समितीची गाऱ्हाणी लिहिलीत आणि उद्या मीटिंगमध्ये त्यांनाच तोंड द्यायचंय.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही काही जण मिळून आधुनिक वाचनालयांसाठी मोहीम चालवतो, म्हणजे वाचनालय म्हणजे नुसती कपाटं नाहीत हे लोकांपर्यंत पोचवायचं. एका डिझायनरने होमपेज करून दिलंय. वर पाच सरकते फोटो, त्यावर 'चला, ज्ञानाचा दीप उजळूया', खाली अध्यक्षांचं मनोगत, मग उद्दिष्टं, मग बातम्या, मग गॅलरी. दिसायला खरंच छान आहे. पण दोन मित्रांना दाखवलं तर दोघंही 'मस्त आहे' म्हणाले आणि फोन परत दिला. काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाहीये. (एक कार्यकर्ता)

उत्तर: दोघांनी फोन परत दिला ना, तिथेच सगळं आलं. बघून झाल्यावर माणसाने पुढे काय करायचं हे त्या पानावर कुठे लिहिलेलंच नाही, मग तो बिचारा 'मस्त' म्हणणार नाहीतर काय.

रंग, फॉन्ट, लोगो सगळं दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी एवढंच ठरवा की ही साइट कुणासाठी आहे आणि त्याने ती बघून नेमकं काय करायचं. मोहिमेच्या साइटवर साधारण तीन प्रकारची माणसं येतात. एक, ज्याला वाचनालय आपल्या कामाचं आहे असं वाटतच नाही, शाळेत असताना जायचा आणि मग सुटलं ते सुटलं. दुसरा, ज्याला आधीच पटलंय आणि हातभार लावायचाय. तिसरा, ज्याच्या हातात निर्णय आहेत, म्हणजे संस्थेचे विश्वस्त, अधिकारी, पत्रकार वगैरे. तिघांना एकाच पानावर एकाच वेळी खूश करायला गेलात की 'ज्ञानाचा दीप' तयार होतो, जो कुणालाच खटकत नाही आणि कुणालाच हलवत नाही.

मला विचाराल तर होमपेज पहिल्या माणसाला द्या. बाकीच्या दोघांना मेन्यूत एकेक पान पुरतं, ते शोधून काढतील कारण त्यांना गरज आहे. पहिल्याला गरज वाटतच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी तुमच्याकडे फोनच्या एका स्क्रीनइतकीच जागा आहे. आणि खरं सांगू का, तिसऱ्या माणसाला सुद्धा मनोगतापेक्षा भरलेली अभ्यासिका जास्त पटते.

आता त्या एका स्क्रीनवर काय लिहायचं? तुमच्या वाचनालयांत आज, या आठवड्यात, खरोखर काय करता येतं ते. उदाहरणार्थ 'लॅपटॉप घेऊन या, दिवसभर बसा, मेंबर नसलात तरी चालेल'. किंवा 'पुस्तक फोनवरून राखून ठेवा, जाता येता घेऊन जा'. जे नाही ते अजिबात लिहू नका, 'लवकरच' सुद्धा नको, लवकरच वाचून आलेला माणूस परत येत नाही. त्याखाली एकच ठळक बटण: 'जवळचं वाचनालय शोधा'. बटण दाबल्यावर जी यादी येईल तिच्यावर खरी मेहनत घ्या, कारण मोहीम तिथे जिंकते किंवा हरते. प्रत्येक वाचनालयाच्या चौकटीत सगळ्यात वर 'आज उघडं, रात्री ८ पर्यंत' असं आलं पाहिजे, नुसता आठवड्याचा तक्ता नको, कारण तक्ता वाचून आजचा वार शोधणं हे काम आपण पाहुण्यावर ढकलतोय. मग पत्ता, नकाशाची लिंक, दाबला की लागणारा फोन नंबर, आणि वायफाय आहे का, रॅम्प आहे का, मुलांना घेऊन बसता येतं का, एवढं. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप आहे, २००४ पासून लोकांनीच मिळून बनवलेला, वापरायला मोकळा आहे फक्त नकाशाखाली त्यांचं श्रेय लिहायचं. जाता जाता तिथे तुमच्या वाचनालयाची नोंद आणि वेळा बरोबर आहेत का तेही बघून घ्या.

सरकते फोटो काढून टाका. दुसरा फोटो यायच्या आत माणूस खाली गेलेला असतो, आणि ज्याला हळू वाचायची सवय आहे त्याच्या डोळ्यासमोरून वाक्य पळून जातं. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यात स्पष्ट आहे की आपोआप हलणारी गोष्ट ५ सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल तर ती थांबवायची सोय द्यावी लागते. ती सोय करत बसण्यापेक्षा एक चांगला फोटो लावा आणि मोकळे व्हा. अध्यक्षांचं मनोगत 'आमच्याविषयी' या पानावर जाऊ द्या. त्यांना कसं सांगायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न: आमच्याकडे फोटो म्हणजे दोनच प्रकारचे: पुस्तकांची कपाटं आणि उद्घाटनाच्या फिती. समितीतला एक मुलगा म्हणतो की परदेशातल्या भारी वाचनालयांचे फोटो लावू, लोकांना कळेल आधुनिक म्हणजे काय. लावावेत का? (ग्रंथपाल)

उत्तर: तो कशाबद्दल बोलतोय ते समजतंय मला. फिनलंडमधल्या हेलसिंकीचं ओओदी वाचनालय, २०१८ च्या डिसेंबरात उघडलं, तीन मजली, मधल्या मजल्यावर शिलाई मशीन, थ्रीडी प्रिंटर, रेकॉर्डिंगच्या खोल्या, आणि पुस्तकं सगळ्यात वरच्या मजल्यावर. बघून कुणालाही हेवा वाटेल. 'आधुनिक वाचनालय म्हणजे काय' अशा एखाद्या लेखात त्याचा फोटो, खाली नाव आणि श्रेय लिहून, जरूर लावा. विकिमीडिया कॉमन्सवर असे बरेच फोटो मिळतात, प्रत्येकाखाली परवान्याच्या अटी लिहिलेल्या असतात त्या वाचून पाळायच्या.

पण होमपेजवर नको. तो फोटो बघून माणूस तुमच्याकडे आला आणि समोर ट्यूबलाइटखाली चार टेबलं दिसली तर त्याला फसवल्यासारखं वाटेल, आणि त्या चार टेबलांवर जे चांगलं चाललंय तेही त्याला दिसणार नाही.

त्यापेक्षा एक दिवस नीट फोटो काढा. कपाट नको, कपाटासमोरचा माणूस हवा, आणि तो काहीतरी करत असलेला हवा: हेडफोन लावून ऑनलाइन इंटरव्ह्यू देणारी मुलगी, मोठ्या अक्षरांचं पुस्तक डोळ्यांजवळ धरलेले आजोबा, फॉर्म कसा भरायचा ते काउंटरवर विचारणारा कुणी. खिडकीजवळ काढा, फ्लॅश बंद ठेवा. ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याला आधी विचारा, मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी परवानगी घ्या. आणि एक गोष्ट जी वाचनालयवाल्यांनी तरी विसरू नये: कोण काय वाचतंय हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे, त्यामुळे आजार, कायदा, परीक्षा अशा विषयांचं पुस्तक हातात असेल तर मुखपृष्ठ दिसणार नाही असा कोन धरा.

फोनमधून काढलेला फोटो तसाच चढवू नका, तो सहज ४-५ एमबीचा असतो. रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत कमी करून वेबपी फॉरमॅटमध्ये सेव्ह केला की बहुतेक वेळा तो काही शे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. पानावरचा सगळ्यात मोठा भाग, म्हणजे बहुधा हाच फोटो, अडीच सेकंदांच्या आत दिसला तर गूगल त्याला चांगला वेग मानतं. तुमच्या ऑफिसच्या वायफायवर तपासून समाधान मानू नका, वायफाय बंद करा, जुना फोन घ्या, जिन्यात जाऊन उघडून बघा.

प्रश्न: मजकूर आमच्याकडे डीटीपीवाल्याने केलेल्या फाइलमध्ये आहे. साइटवर पेस्ट केला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. डिझायनर म्हणतो की मग मजकुराचे फोटो टाकू. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. फोटोतला मजकूर गूगलला नीट सापडत नाही, मोठा केला की धूसर होतो, सहज कॉपी होत नाही, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे काहीच नसतं.

तुमची फाइल जुन्या, युनिकोड (म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्यांना मराठी चेहरा दिलेला असतो, फॉन्ट गेला की चेहरा गेला. अशा फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, ते वापरा, पण नंतर एकदा पूर्ण वाचून काढा. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्या' मधला तो अर्धा र, हमखास इथेच गडबड होते.

फॉन्ट म्हणून मुक्ता घ्या, बलू घ्या, नोटो सॅन्स देवनागरी घ्या, सगळे मोफत आहेत आणि स्क्रीनवर स्वच्छ दिसतात. पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) अशी नोंदवायला सांगा, बऱ्याच साइटवर ती इंग्रजीच राहून गेलेली असते. ती बरोबर असली की काही फॉन्ट ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दाखवतात, आणि वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर मराठी आवाज वापरतात.

आणि हो, डिझायनर इंग्रजी साइट करणारा असेल तर दोन गोष्टी त्याला आधीच सांगून ठेवा. अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर टाकायचं नाही, इंग्रजी शीर्षकांत ते ऐटदार दिसतं पण आपल्याकडे शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. आणि दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त हवं, अक्षराच्या दीडपट तरी, मी १.७ पर्यंत नेते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आपटतात.

प्रश्न: साइटवर व्हिजिटर काउंटर ठेवू का? अध्यक्षांची इच्छा आहे.

उत्तर: नको. सुरुवातीला आकडा लहान असतो आणि तो सगळ्यांना दिसतो. मोजायचंच असेल तर नकाशाची लिंक किती जणांनी दाबली आणि फोन नंबर किती जणांनी दाबला ते मोजा, आणि काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एक वही द्या, नवीन आलेल्याला विचारायचं 'कुठून कळलं?' आणि रेघ ओढायची.

प्रश्न: माझी नजर अधू आहे, स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर फोन वापरतो. तुम्ही लोक आधुनिक वाचनालय आधुनिक वाचनालय म्हणता, पण त्यांच्या मोहिमांच्या साइट मला वापरता येत नाहीत. एका साइटवर 'इमेज, इमेज, बटण, बटण' एवढंच ऐकू आलं. हे कुणी तपासत नाही का? (एक वाचक)

उत्तर: दादा, बहुतेक ठिकाणी नाही तपासत, आणि वाचनालयाच्या बाबतीत तर ही फारच लाजिरवाणी गोष्ट आहे, कारण दारात रॅम्प बांधायचा आणि वेबसाइटला उंच पायरी ठेवायची असा हा प्रकार झाला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी साइट करणाऱ्यांना उद्देशून लिहिते, चालेल ना?

'इमेज, बटण' असं का ऐकू येतं? कारण फोटोला पर्यायी मजकूर दिलेला नाही आणि बटणावर फक्त चित्र आहे, नाव नाही. फोटोचा पर्यायी मजकूर म्हणजे फोनवर एखाद्याला सांगतो तसं एक वाक्य: 'खिडकीजवळच्या टेबलावर दोन मुली लॅपटॉपवर काम करतायत'. 'वाचनालय फोटो १' असं लिहायचं नाही. नुसती शोभेची नक्षी असेल तर पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा सोडायचा, म्हणजे स्क्रीन रीडर ती ओलांडून पुढे जातो. भिंगाच्या चित्राच्या बटणाला कोडमध्ये 'शोधा' असं नाव द्यायचं, तीन रेघांच्या बटणाला 'मेन्यू'.

कार्यक्रमाचं पोस्टर हा सगळ्यात मोठा गुन्हेगार. तारीख, वेळ, जागा, वक्ता सगळं एका रंगीत चित्रात, आणि पानावर दुसरं अक्षर नाही. पोस्टर लावा, पण त्याखाली तोच मजकूर टाइप करून द्या. याचा फायदा सगळ्यांनाच होतो, कारण फोनवर पोस्टरमधली वेळ वाचायला चांगल्या डोळ्यांनाही चिमटीने मोठं करावं लागतं. नियमावली स्कॅन करून पीडीएफ टाकलेली असते तिचंही तेच, ती स्क्रीन रीडरसाठी कोरं पान असते.

रंगांचं गणित सोपं आहे आणि मोजता येतं. डब्ल्यूसीएजीप्रमाणे साध्या आकाराच्या अक्षरांचा रंग आणि मागचा रंग यांच्यात कमीत कमी ४.५:१ एवढा फरक हवा, मोठ्या शीर्षकांना ३:१ चालतो. आता वाचनालयाच्या साइटवर सगळ्यांना 'ज्ञानाचा' म्हणून सोनेरी रंग आवडतो. पांढऱ्यावर तो नेहमीचा सोनेरी जेमतेम २:१ च्या आसपास भरतो! हा फरक मोजायची मोफत साधनं आहेत, दोन रंग टाकले की आकडा येतो, त्यामुळे 'मला तर दिसतंय' हा वाद घालायची गरज नाही. सोनेरी हवाच असेल तर तो पट्टीला वापरा, अक्षरं गडद ठेवा.

बोटाने दाबायच्या जागाही बघा. डब्ल्यूसीएजीच्या २०२३ साली आलेल्या २.२ आवृत्तीत त्या निदान २४ बाय २४ पिक्सेल असाव्यात असं आहे, काही सवलती आहेत पण मी तर म्हणेन ४४ ठेवा, हात थरथरणाऱ्यांना आणि बसमध्ये उभं राहून फोन बघणाऱ्यांनाही सोपं जातं.

आणि साइट झाली की माउस बाजूला ठेवून फक्त टॅबच्या बटणावर होमपेजपासून वाचनालयाच्या वेळेपर्यंत पोचून बघा. मग फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे अँड्रॉइडवर टॉकबॅक किंवा आयफोनवर व्हॉइसओव्हर, चालू करा, डोळे मिटा, तेच परत करा. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि ते मराठीतही वाचतं. पण दादांसारख्या रोज वापरणाऱ्या एका माणसाला बोलावून बघायला सांगितलंत तर आपल्या दहा तपासण्यांपेक्षा जास्त कळेल, आणि त्याला त्या कामाचा मोबदला द्या.

प्रश्न: पुस्तकांचा कॅटलॉग मोहिमेच्या साइटवरच टाकावा का? आमच्या एका काकांचा फार आग्रह आहे, म्हणतात एक्सेल तयार आहे, चढवून टाका.

उत्तर: काकांची कळकळ योग्य आहे पण एक्सेल चढवलं की त्या दिवसापासून ते शिळं व्हायला लागतं. पुस्तक आत्ता कपाटात आहे की कुणाकडे गेलंय हे त्यात कळणार नाही, आणि वाचकाला नेमकं तेच हवं असतं. कॅटलॉग वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमध्येच राहू द्या आणि मोहिमेच्या साइटवर शोधाची एक चौकट द्या जी थेट तिथे घेऊन जाईल. सॉफ्टवेअरच नसेल तर कोहा बघा, २००० साली न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालय संस्थेसाठी बनलं आणि तेव्हापासून सगळ्यांसाठी खुलं आहे, आता जगभर वापरतात. काकांना त्या एक्सेलमधून वीस पुस्तकं निवडून प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहायला सांगा. 'काकांची निवड' हे पान कॅटलॉगपेक्षा जास्त वाचलं जाईल, माझी खात्री आहे.

प्रश्न: पाठिंब्याच्या फॉर्मवर आम्ही नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, आवडते लेखक सगळं विचारतो. फॉर्म फार कमी येतात.

उत्तर: येणारच कमी! नाव आणि ईमेल किंवा फोन, बास. जन्मतारखेचं तुम्ही करणार काय आहात? जी माहिती घेतली ती सांभाळायची जबाबदारीही येते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, लोकांची माहिती चोरीला गेली, कॅटलॉग बंद पडला आणि तो नुसता बघण्यापुरता परत सुरू व्हायला जानेवारी उजाडला. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, आपण तर गूगल शीटची लिंक समितीच्या ग्रुपवर टाकून मोकळे होतो. कमी घ्या, कशासाठी घेताय ते फॉर्मवरच एका ओळीत लिहा, शीट दोघांपलीकडे उघडी ठेवू नका.

प्रश्न: व्हॉट्सअॅपवर साइटची लिंक टाकली की नुसता निळा पत्ता दिसतो, दुसऱ्यांच्या लिंकला कसा फोटो येतो. आणि पोस्टरवर क्यूआर छापायचाय, काही काळजी घ्यायची का?

उत्तर: फोटो येतो तो ओपन ग्राफ नावाच्या टॅगमुळे, फेसबुकने २०१० मध्ये आणले आणि आता सगळेच वापरतात. डिझायनरला सांगा प्रत्येक पानाला शीर्षक, दोन ओळींचं वर्णन आणि १२०० बाय ६३० पिक्सेलचं चित्र या टॅगमध्ये द्यायचं. चित्र हलकं ठेवा, जड असेल तर व्हॉट्सअॅप ते दाखवतच नाही. या चित्राकडे दुर्लक्ष करू नका, मोहिमेत बहुतेक लोक साइट आधी तिथेच बघणार आहेत, होमपेज नंतर. त्यात लोगो ठेवून वाया घालवू नका, काम करणाऱ्या माणसाचा तो चांगला फोटो ठेवा. एक लक्षात असू द्या, जुनं चित्र काही काळ साठवलेलं राहतं, त्यामुळे टॅग बदलल्यावर लगेच फरक दिसला नाही तर डिझायनरवर ओरडू नका.

क्यूआरमध्ये तुमच्या स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे साइटच्या नोंदवलेल्या नावाचा, छोटा पत्ता घाला. मोफत क्यूआर बनवून देणाऱ्या काही सेवा मध्ये स्वतःचा पत्ता घालतात आणि काही दिवसांनी पैसे मागतात, तोवर पोस्टरं भिंतीवर लागलेली असतात. आणि क्यूआरने होमपेजवर आणू नका. अभ्यासिकेचं पोस्टर असेल तर अभ्यासिकेच्या पानावर, बालविभागाचं असेल तर तिकडे. छापखान्यात देण्याआधी घरच्या प्रिंटरवर खऱ्या आकारात काढून भिंतीवर लावा आणि हातभर लांबून स्कॅन करा.

प्रश्न: समितीत दोन गट पडलेत. ज्येष्ठ म्हणतात सगळी माहिती पहिल्याच पानावर हवी, तरुण म्हणतात पान मोकळं हवं. तीन मीटिंग झाल्या. तुम्ही निकाल द्या. (सचिव, वैतागलेला)

उत्तर: मी नाही देणार, समितीनेही देऊ नये. दोन्ही पद्धतीची पानं कागदावर काढा, सुंदर नसली तरी चालतील, आणि समितीबाहेरची पाच माणसं शोधा. जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने २००० सालीच मांडलं होतं की पाच माणसांना साइट वापरून बघायला लावली तरी बहुतेक अडचणी सापडतात, मग सुधारून पुन्हा पाच जण घ्यायचे. ही पाच वाचनालयात नेहमी येणारी नकोत.

प्रत्येकाला एकेकटं बसवा आणि कामं द्या. 'कसं वाटतं?' विचारायचं नाही, सगळे 'छान' म्हणतात, वरच्या पत्रातले मित्र आठवा. काम द्यायचं: 'शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तुमच्या जवळचं वाचनालय उघडं असेल का?' किंवा 'सात वर्षांच्या मुलाला घेऊन जायचंय, तिथे त्याच्यासाठी काय आहे?' आणि मग तोंड बंद ठेवून बघायचं. हेच सगळ्यात अवघड, कारण बोट चुकीच्या जागी गेलं की आपली जीभ वळवळते, 'अहो वर बघा ना वर'. नाही सांगायचं. कुठे थांबला, कुठे परत मागे गेला, कुठला शब्द दोनदा वाचला ते टिपायचं. 'उपक्रम' दाबून वेळा शोधतोय म्हणजे तुमचा मेन्यू चुकलाय. ज्येष्ठांना आणि तरुणांना शेजारी बसून हे बघू द्या. कुठला गट जिंकतो ते मला माहीत नाही पण चौथी मीटिंग लांबणार नाही.

प्रश्न: सगळं फोनवर मिळत असताना वाचनालयं हवीत कशाला, आणि त्यांच्या वेबसाइटवर खर्च करण्यापेक्षा पुस्तकं घ्या की. तुमचा कॉलम वाचून राग आला म्हणून लिहिलं. (एक स्पष्टवक्ता)

उत्तर: राग कळवलात ते बरं केलंत. वेबसाइटच्या खर्चाबद्दल मी निम्मी तुमच्या बाजूने आहे. अॅनिमेशन, अॅप, चॅटबॉट यांवर पैसे घालवणाऱ्या मोहिमेने त्याऐवजी पुस्तकंच घ्यावीत. चार-पाच पानांची साधी साइट मात्र हवी, कारण वाचनालय किती वाजता उघडतं हे सुद्धा लोक आता फोनवरच शोधतात.

फोनवर सगळं मिळतं हे मात्र अर्धंच खरं. टेबल मिळत नाही, शांतता मिळत नाही, विचारायला माणूस मिळत नाही, आणि ज्याच्याकडे डेटा संपलाय त्याला काहीच मिळत नाही. वाचनालय बदलत राहणार हे काही आजकालचं फॅड नाही, आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले त्यातला पाचवाच आहे की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा १९४९ चा, तोही १९७२, १९९४ आणि २०२२ मध्ये पुन्हा लिहिला गेला.

आणि मोहीमवाल्यांनो, हे पत्र कापून भिंतीवर लावा. हाच प्रश्न याच शब्दांत तुमच्या साइटवर घ्या, 'वाचनालयं हवीत कशाला?' असं पान करा आणि खाली तुमच्याकडे येणाऱ्या लोकांची, त्यांच्या परवानगीने, खरी उत्तरं द्या.

प्रश्न: मोहीम सहा महिन्यांची आहे. नंतर साइटचं काय करायचं?

उत्तर: हे सुरू करतानाच ठरवा. शक्य असेल तर वेगळं डोमेन घेऊच नका, वाचनालयाच्या मूळ साइटमध्येच मोहिमेचा विभाग करा, म्हणजे नंतर पोरकं होत नाही. वेगळं घेतलंच असेल तर ते कुणा एका उत्साही मुलाच्या ईमेलवर न घेता संस्थेच्या ईमेलवर घ्या आणि मोहीम संपल्यावरही काही वर्षं भरत राहा. सोडून दिलेलं डोमेन दुसरं कुणीही विकत घेऊ शकतं, आणि मग तुमच्या छापील पोस्टरवरचा क्यूआर जुगाराच्या जाहिरातीकडे न्यायला लागतो. असं होतं, थट्टा नाही. संपताना पाठिंब्याचा फॉर्म बंद करा, गोळा केलेली माहिती लागणार नसेल तर पुसून टाका, पहिल्या पानावर वर लिहा की मोहीम अमुक महिन्यात संपली, वाचनालयांच्या वेळांसाठी इथे जा. पानांची एक प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवून ठेवा, मोफत आहे, पत्ता टाकून बटण दाबायचं. हे सगळं कोण करणार त्याचं नाव आजच्या मीटिंगच्या इतिवृत्तात घाला, नाहीतर सहा महिन्यांनी सगळे एकमेकांकडे बघतील.